हडळीच्या हातचं पाणी

उत्पलानं आजीच्या हातचं पाणी घेतलं नाही. झालं ते एवढंच. मे महिन्यातला रविवार, दुपारची वेळ, सोलापूरचं ऊन पत्र्यातून घरात उतरलेलं. लंगडी खेळून तोंड लाल झालेली पोर धापा टाकत आत आली. चांगुणाबाई माठापाशीच बसली होती. नातीचं तोंड बघून तिनं न मागताच पेला भरला आणि हात पुढं केला. उत्पलानं पेल्याकडं पाहिलं, मग पेला धरलेल्या हाताकडं पाहिलं, आणि आपले दोन्ही हात पाठीमागं नेले. "तुझ्या हातचं नको," ती म्हणाली. बाजेवर पडून वर्तमानपत्र चाळणाऱ्या धर्मपालला ते स्वच्छ ऐकू आलं. त्याच्या आईचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग तिनं पेला खाली ठेवला, "बरं, तुज्या हातानं घे," म्हणाली, आणि माठापासून सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. असं सरकायचं तिला कुणी सांगावं लागलं नाही. अंगात मुरलेलं होतं ते. उत्पलानं दुसरा पेला घेतला, स्वतः बुडवला आणि घटाघटा प्याली.

उत्पलाची आई शालन स्टोव्हपुढून उठली ती तरातरा आली आणि पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "कुणी शिकवलं तुला हे? शाळेतल्या त्या मैत्रिणींनी? त्यांच्या घरी ओट्यावर बसवतात तुला, ते पुरत नाही होय? आता आपल्या घरात तेच करायचं?" उत्पला रडली, पण का नको ते सांगेना. नऊ वर्षांची पोर, हट्टानं ओठ मिटून उभी. "मारू नगंस गं शालन," भिंतीकडून चांगुणाबाई म्हणाली, "ल्हान हाय. भाईर जे बगती त्ये करती." आवाजात राग नव्हता. राग असता तर धर्मपालला बरं वाटलं असतं. जेवणं झाली, भांडी झाली, आणि मग ती अगदी साध्या आवाजात त्याला म्हणाली, "धर्मा, उद्याच्या सकाळच्या यष्टीत बशीव मला. वळसंग काय लांब न्हाय." तो म्हणाला, "आये, आत्ताशी महिना झाला तुला येऊन." ती म्हणाली, "महिना लई झाला की." आणि तिनं आपलं गाठोडं पुढ्यात ओढलं.

शालन चुकीच्या दिशेनं चिडली होती, आणि आईला चुकीच्या दिशेनं लागलं होतं. हे फक्त धर्मपालला कळत होतं. कारण उत्पलाची नजर त्यानं पाहिली होती. ती पेल्यावरून मनगटावर गेली होती. चांगुणाबाईच्या उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता, नांगी वर केलेला, म्हातारपणानं हिरवा पडलेला. महिन्यापूर्वी पोर त्याच विंचवावरून बोट फिरवत आजीच्या कुशीत झोपायची. पंधरा दिवसांपूर्वी तिनं अंथरूण शालनकडं हलवलं. उकडतंय म्हणाली. सोलापुरात मे महिन्यात उकडतंय म्हटल्यावर कोण शंका घेणार? पण पंधरा दिवसांपूर्वीच छापखानेवाल्या रुद्रप्पाच्या मासिकाचा नवा अंक घरी आला होता आणि त्यानं तो बाजेखालच्या ट्रंकेवर ठेवला होता. आणि दुपारी बाजेखालची फरशी गार असते म्हणून उत्पला तिथंच पालथी पडून काहीबाही वाचत असते. पुड्याचा कागदसुद्धा सोडत नाही ती. पोरगी वाचते याचा त्याला केवढा अभिमान होता. चार लोकांत सांगायचा तो. आता तो बाजेवर उताणा पडून होता आणि पाठीखाली ती ट्रंक असल्याचं त्याला सारखं जाणवत होतं.

त्या अंकातली 'वेशीबाहेरची ओंजळ' ही गोष्ट त्याची होती. खाली नाव 'निशाचर'. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या ऑफिसात दिवसभर मालगाड्यांच्या वाघिणींच्या नोंदी करणारा धर्मपाल शिवशरण म्हणजेच निशाचर, हे रुद्रप्पा सोडला तर फक्त शालनला ठाऊक होतं. आणि तिनं त्याबद्दल त्याला कधी सुखानं जेवू दिलं नव्हतं. "देव मानायचे नाहीत म्हणून मामंजींनी टाक ओढ्यात सोडले," ती म्हणायची, "भुतंही त्यांच्याबरोबर गेली. आणि तुम्ही दर महिन्याला एकेक परत आणताय. तेही पायघड्या घालून." तो हसायचा. अगं, गोष्ट ती गोष्ट, म्हणायचा. भुतांवर त्याचा विश्वास नव्हताच. धर्मांतराचं ते साल त्याला चांगलं आठवत होतं. तो अठरा वर्षांचा होता, धोंडीरामचा धर्मपाल झाला, आणि आईनं नवं नाव जिभेवर बसावं म्हणून जात्यावर बसून दिवसभर ते घोकलं होतं. तिला 'धर्मा'पर्यंतच जमलं. पण जमलं. त्या दिवसापासून घरात कुणी लिंबू उतरवलं नाही, कुणी अंगात आणलं नाही. मग त्याला भुतांच्याच गोष्टी का सुचाव्यात? एक कारण असं, की रुद्रप्पा त्याच छापायचा. दुसरं कारण त्यानं कधी शोधलं नव्हतं. आज ते भिंतीला टेकून बसलं होतं आणि गाठोडं बांधत होतं.

भुतांनाही जात असते. लिहायला लागल्यावर ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती आणि तो तिच्यावर खूश झाला होता, कारण ती धंद्याला उपयोगी होती. मुंज होऊन मेलेला पोरगा मुंजा होतो आणि देवळाशेजारच्या पिंपळावर राहतो. त्याची भीती वाटते, पण त्याच्याबद्दल थोडी कणवही वाटते. घरचाच तो. ब्रह्मराक्षस विद्वान असतो, संस्कृतात बोलतो, त्याला मुक्ती देता येते. भित्यापाठी लागायलासुद्धा म्हणीत तोच, दुसऱ्या कुणाची वर्णी नाही. ही झाली वेशीच्या आतली भुतं. वेशीच्या बाहेर गेलं की कणव संपते. तिथं हडळ असते, चेटकीण असते, काळी, केस सुटलेली, दात किडलेली, बिडी ओढणारी, आणि तिला कुणी मुक्ती देत नाही, तिला जाळतात. वाचकांना ही दुसरी जात जास्त आवडते हे त्याला दोन-तीन गोष्टींतच कळलं. मग बाहेरची हडळ उभी करायची म्हणजे ती दिसते कशी, बसते कशी, हात कसा पुढं करते हे नीट माहीत हवं. इतरांना ते कल्पनेनं करावं लागत असेल. त्याला नुसतं आठवावं लागलं. आईचा हात घेतला, आईचा विंचू घेतला, आई उन्हात डोळ्यांवर आडवा पंजा धरून वाटेकडं बघते ते बघणं घेतलं. बाईच्या उकिडवं बसण्यात त्यानं चार ओळी घातल्या होत्या आणि त्या चार ओळी लिहिताना त्याला आपण मोठे कलावंत आहोत असं वाटलं होतं.

आणि पाणी. गोष्ट अशी होती: कोर्टातला एक तरुण मुनसफ उन्हाळ्यात घोड्यावरून परगावी निघतो, वेशीबाहेरच्या एका खोपटापाशी तहानेनं थांबतो, आतून एक म्हातारी घडा घेऊन येते. हा ओंजळ धरतो, ती वरून पाणी घालते. पिता पिता त्याची नजर तिच्या मनगटावर जाते आणि तिथला विंचू चालायला लागतो. मनगटावरून घड्यावर, घड्यावरून धारेत, धारेतून ओंजळीत. वाचक तिथं ओरडतो. हमखास. धर्मपालला ते लिहितानाच कळलं होतं, हाडांत कळलं होतं, की ही जागा लागणार. कसं कळलं होतं? लहानपणी पाटलाच्या विहिरीवर तो असाच उकिडवा बसून ओंजळ धरायचा आणि वरून कुणीतरी पाणी घालायचं, घागर अंगाला लागू नये म्हणून हातभर वर धरून. घालणाऱ्याच्या तोंडावर काय असायचं ते त्यानं खालून रोज पाहिलं होतं. पाणी पिता पिता माणूस वरचं तोंडच बघतो, दुसरं बघण्यासारखं काही नसतं. त्या तोंडावर भीती असायची. तीही एका सहा वर्षांच्या पोराची वाटणारी. त्यानं फक्त माणसं उलटी केली. म्हातारी वर, मुनसफ खाली. हे लिहिताना, खरं सांगायचं तर, त्याला थोडा सूड घेतल्याचा आनंदही झाला होता. घ्या, प्या आमच्या हातचं. पण सूड कुठला? भीती तीच राहिली. त्या हातातून पाणी घेऊ नका, हेच गोष्ट सांगत होती. आणि ती ऐकली कुणी, तर त्याच्या पोरीनं.

घरात बसवेना म्हणून ऊन कलल्यावर तो बाहेर पडला. रुद्रप्पाचा छापखाना रविवारीही उघडा असे. रुद्रप्पा कपाळाला भस्माचे पट्टे लावून शाईनं काळ्या हातांनी भुतं छापायचा, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. "या की शिवशरण, बसा," तो म्हणाला. "अय्यो, किती घामेजलाय. च्या सांगतो." दिवाळी अंकासाठी धर्मपालनं यंदा भयकथा दिली नव्हती. विज्ञानकथा दिली होती. त्याची फार दिवसांची इच्छा होती ती. माणूस चंद्रावर जाऊन आला, आता वेशीबाहेरच्या खोपटात किती दिवस काढायचे? नवा ग्रह, नवी वस्ती, जिथं पिंपळ नाही, पाणवठा नाही, पाटील नाही. लिहिताना मोकळं वाटलं होतं त्याला. रुद्रप्पानं ती काल रात्रीच वाचली होती म्हणे. "झकास आहे हो. ते काचेच्या घुमटातलं शहर, ते कप्तान जहागीरदार, ते डॉक्टर वैद्य. आणि घुमटाबाहेरचे ते राखाडी प्राणी! संध्याकाळी येतात, घुमटातली घाण नेतात, मढी नेतात, आणि आतले लोक दारं घट्ट लावून घेतात. लई भ्या वाटतंय. एवढंच विचारणार होतो, त्या प्राण्यांना नाव का दिलं नाही?"

"नाव कशाला?" धर्मपाल म्हणाला.

"तेही बरोबरच म्हणा. नाव दिलं की भ्या जातंय."

चहा आला. धर्मपालनं कप हातात घेतला आणि तो घुमट त्याला पहिल्यांदा दिसला. इतके दिवस लिहिला होता, दिसला आज. एवढं कोट्यवधी मैल जाऊन त्यानं काय केलं होतं, तर आधी वेस बांधली होती. काचेची, पण वेसच. आणि मग कुणीतरी घाण उचलायला हवं म्हणून कुणालातरी बाहेर ठेवलं होतं, आणि बाहेर ठेवलं म्हणून त्याला भयानक केलं होतं. तिथं गेलेल्या यानातल्या सगळ्या माणसांना त्यानं आडनावं दिली होती. जहागीरदार होते, वैद्य होते, एक कुलकर्णी होता यंत्रं बघायला. यानात एकही शिवशरण नव्हता. स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या यानात त्याला स्वतःला जागा मिळाली नव्हती, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तो एकदम हसला. रुद्रप्पाला वाटलं चहा आवडला.

"आणि ती तुमची पाण्याची गोष्ट," रुद्रप्पा उत्साहानं म्हणाला, "आमच्या घरची म्हणते, पेला तोंडाला लावला की हात थांबतोय."

"त्यांचा हात कशानं थांबतो, रुद्रप्पा?"

"हडळीच्या भ्यानं की. दुसरं काय?" रुद्रप्पा म्हणाला, आणि मग त्याची नजर धर्मपालच्या तोंडावर गेली. मूर्ख नव्हता तो. कपाळावरचा घाम त्यानं मनगटानं पुसला, भस्म थोडं विस्कटलं. "मी ते तसं वाचलंच नव्हतं हो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी पण तसं लिहिलं नव्हतं," धर्मपाल म्हणाला. रुद्रप्पाबद्दल त्याला राग येईना. या माणसानं आपल्याला कधी बाहेरचा कप दिला नव्हता, आणि आपलं लिहिलेलं छापताना कधी जात विचारली नव्हती. घुमटाची गोष्ट परत द्या, एवढंच तो म्हणाला. रुद्रप्पानं का म्हणून विचारलं नाही.

घराकडं चालताना त्याला गाडा आठवला. तो आठवायचा नसतो असं त्यानं ठरवलेलं होतं, पण डोकं कुणाचं ऐकतं? त्याच्या लहानपणी गावात पटकी आली होती. माणसं पटापट मरत होती. तेव्हा गावानं लाकडाचा एक गाडा केला, त्यात मरीआई बसवली, लुगडी नेसवली, बांगड्या, लिंबं, नारळ, जो तो आपल्या घरची भीती आणून गाड्यात घालत होता. वेशीपर्यंत सगळं गाव वाजत गाजत आलं. वेशीवर ढोल थांबले. तिथून पुढं गाडा ओढून पुढच्या गावच्या शिवेत नेऊन सोडायचा, आणि ते काम महारवाड्याचं होतं. ही रीत होती, रीतीला कुणी का म्हणत नाही. बापानं जू खांद्यावर घेतलं. धर्मपाल आईच्या लुगड्याला धरून उभा होता आणि त्यानं मागं वळून पाहिलं, तर वाजत गाजत आलेलं गाव पाठ फिरवून पळत सुटलं होतं आणि घरांची दारं धडाधड लागत होती. दिवस मावळताना बाप आला तो कपाळाला चिंधी बांधून. पुढच्या गावचे लोक शिवेवर धोंडे घेऊन उभे होते. त्यांनाही भीतीच होती, त्यांचं तरी काय चुकलं? बाप ओसरीला न टेकता सरळ ओढ्यावर अंघोळीला गेला, कारण आता गावाला पटकीपेक्षा त्याची भीती वाटत होती. सगळ्या गावाची भीती एका माणसानं बाहेर ओढून न्यायची आणि मग लोकांनी त्यालाच भ्यायचं. धर्मपालला वाटलं, मीही तोच गाडा ओढतोय. फक्त बापानं तो गावाबाहेर नेला होता. मी तो ओढत ओढत माझ्या घरात आणला.

चांगुणाबाई तशीच बसली होती. गाठोडं बांधून झालं होतं. शालन नळावर गेलेली, उत्पला शेजारच्या ओट्यावर. धर्मपाल आईच्या समोर फरशीवर बसला. दोन रस्ते होते. गप्प राहिलं तर आई उद्या जाईल, आणि मरेपर्यंत असं समजेल की आपल्या नातीनं आपली जात काढली. सांगितलं तर तिला कळेल की आपल्या लेकानं आपल्याला काय केलं. एकात पोर वाईट ठरत होती, एकात तो. आपलेच दात, आपलेच ओठ. हा हिशेब करायला त्याला अख्खी दुपार लागली याचीच त्याला लाज वाटली.

"आये, पोरीनं जात बघितली नाही," तो म्हणाला. "तिला वाटतं तू हडळ आहेस."

म्हातारीनं मोतीबिंदूचे डोळे बारीक करून त्याच्याकडं पाहिलं. "आँ?"

मग त्यानं सगळं सांगितलं. मासिक सांगितलं, निशाचर सांगितला, मुनसफ, घोडा, खोपट, घडा. विंचू चालायला लागतो तिथं चांगुणाबाईनं मनगट वर करून डोळ्यांजवळ नेलं. "आगं बया! माजा इच्चू?" तिला हसूच फुटलं. दात नसलेल्या तोंडानं ती खूप वेळ हसली, पदर तोंडाला लावून. "आन् मी तर पोरीचं ऐकून दिसभर म्हनतीया, हितंबी त्येच का रं बाबा. हडळ व्हय! मग बरं हाय की. हडळीला निदान लोक भ्येत्यात." तो हसला नाही. तिचं हसू सावकाश ओसरलं. "पुडं काय झालं तिचं?" तिनं विचारलं.

"कुणाचं?"

"म्हातारीचं. तुज्या गोष्टीतल्या."

"गाव तिला जाळतं."

"आन् त्यो घोड्यावला?"

"तो वाचतो."

तिनं मान हलवली. हे तिला नवीन नव्हतं. मग ती म्हणाली, "समदं कळलं. इच्चू कळला. पानी कशापायी घातलंस त्यात?"

"लोक घाबरतात, आये. तिथं हमखास घाबरतात."

"त्ये घाबरत्यात ह्ये मला ठावं हाय. जल्माचं ठावं हाय." ती त्याच्याकडं बघत होती, पण तिला त्याचं तोंड कितपत दिसत होतं कुणास ठाऊक. "तू कवापासनं घाबराय लागलास?"

धर्मपालला याचं उत्तर द्यायचं होतं. मी घाबरत नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. पण ते खरं नव्हतं. ऑफिसात पाण्याच्या माठापाशी जाताना तो अजून आजूबाजूला पाहून घ्यायचा. गोष्टीखाली स्वतःचं नाव घालताना त्याचा हात थांबला होता. कुणी नवखा माणूस भेटला की 'कुठले तुम्ही' हा प्रश्न यायच्या आधीच तो विषय बदलायचा. त्याला आपल्याच लोकांची भीती वाटत होती, म्हणजे इतर लोक आपल्यात जे बघून भितात त्याची. आणि आई, जिनं त्या सगळ्याचं जू वाहिलं, ती भीत नव्हती. त्याला रडू आलं. छत्तीस वर्षांचा बाप्या आईपुढं बसून रडला. चांगुणाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगंस. तुजं तू लिव्हलंस, तू फेड. पोरीला तू सांग. तिच्या तोंडावर सांग. मग यष्टीचं बगू."

उत्पला ओट्यावर एकटीच गजगे खेळत होती. तो तिच्याशेजारी बसला आणि त्यानं सांगितलं, की ती गोष्ट मी लिहिली. निशाचर म्हणजे मी. तिनं गजगे हातात तसेच धरले. पहिल्यांदा तिला ते खरं वाटलं नाही. मग पटलं. मग ती विचार करायला लागली. तिच्या कपाळावर त्याच्यासारखीच आठी पडायची.

"म्हणजे आजी हडळ नाही?"

"नाही. हडळ नसतेच मुळी. मी बनवली ती."

"आजीच्या हाताची का बनवली पण?"

"दुसऱ्या कुणाचा हात मला एवढा पाठ नव्हता," तो म्हणाला. हे खरं होतं. त्याच्याजवळ याहून बरं उत्तर नव्हतं.

"मग चांगल्या बाईचा बनवायचा तो हात," उत्पला म्हणाली. "तुम्हाला आजी आवडत नाही का, आण्णा?"

"आवडते."

"आवडते तरी केलं?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. थोडा वेळ ती तशीच बघत राहिली आणि तिच्या नजरेत काहीतरी हळूहळू बदलत गेलं, आणि ते काय आहे हे त्याला ओळखू आलं, कारण दुपारी त्यानं तेच पाहिलं होतं. ती सावकाश उठली. त्याच्याकडं पाठ न करता दोन पावलं मागं सरली आणि मग धावत घरात गेली.

तो दारापाशी पोचला तेव्हा ती आजीच्या मागं जाऊन बसली होती. दोन्ही हातांनी तिनं म्हातारीचं लुगडं पाठीशी मुठीत धरलं होतं आणि आजीच्या खांद्यावरून नुसते डोळे दिसत होते. चांगुणाबाईनं हात मागं नेऊन तिला कुशीत ओढायचा प्रयत्न केला, पण पोर पुढं येईना. तिला मागंच राहायचं होतं, आजी मध्ये हवी होती.

"आण्णा," तिनं तिथूनच विचारलं, "माझं पण काही लिहिलंय का तुम्ही?"

"नाही गं."

"लिहिणार आहात?"

"नाही," तो म्हणाला. पण तिला ते पटलं नव्हतं, आणि पटावं असं त्यानं काही केलंही नव्हतं. चांगुणाबाईनं नातीच्या घट्ट आवळलेल्या मुठी आपल्या पाठीवर ओळखल्या. तिचं तोंड क्षणभर फार थकलेलं दिसलं. मग ती म्हणाली, "यष्टीचं ऱ्हाऊ दे, धर्मा. उद्या न्हाय जात. पोर भ्यालीया, आज ती माज्यापाशी निजंल." आणि जरा थांबून, लेकाला बोलावतात तशी, "आत ये की. असा दारात काय उभा?"

त्यानं उंबऱ्याकडं पाय उचलला आणि उत्पला आणखी मागं सरकली. त्यानं पाय परत खाली ठेवला. घर त्याचं होतं. आत त्याची आई होती, पोर होती. सोलापूरची संध्याकाळ त्याच्या पाठीवर अजून तापत होती, आणि पलीकडून भरलेली घागर घेऊन येणारी शालन लांबूनच विचारत होती, "अहो, बाहेर का उभे?" त्यानं तिला हातानं थांब म्हणून खूण केली. खांद्यावरून बघणाऱ्या त्या दोन डोळ्यांकडं बघत, ती पोर 'या' म्हणेपर्यंत, धर्मपाल दाराबाहेर उभा राहिला.